उतरलेले सेल

९ जानेवारी

चिमणे,

आशीर्वाद. बाबा फोन का उचलत नाहीत, म्हणून धाकट्याकडे तक्रार केलीस म्हणे. अगं बाई, उचलतो की! उचलतो, हॅलो म्हणतो, आणि पुढे पलीकडून कोण काय पुटपुटतं ते देव जाणे. परवा एकाला तुझी तब्येत, तुझी ड्यूटी, तुझं जेवणखाण सगळं विचारून झालं, आणि मग तुझा भाऊ हसत हसत म्हणाला, तो विम्याचा एजंट होता. कान गेले ते गेले. आपलं पत्रच बरं.

घरची हालहवाल सांगतो. बाहेरच्या खोलीचा तुझ्या भावाने कारखाना करून टाकलाय. जुन्या लॅपटॉपच्या, बंद पडलेल्या स्कूटरच्या बॅटऱ्या पोत्याने आणतो, फोडतो, आतले बोटाएवढे सेल काढतो. त्यातले चांगले निवडून मोठे पॅक बांधतो आणि लोकांच्या तीनचाकींना बसवतो. ब्रेडवाला, भाजीवाली, बर्फाच्या कारखान्यातला माणूस, सगळे आपल्या दारात. दुकानातली नवी बॅटरी परवडते कोणाला? जन्मभर पेट्रोल पंपावर उभं राहून लोकांच्या टाक्या भरल्या मी, आणि माझ्याच घरात पेट्रोल मोडीत काढायचा धंदा सुरू! पण पोराच्या हातात कसब आहे हो. तोंडावर म्हणत नाही, डोक्यावर बसेल.

मलाही कामाला लावलंय. मी कव्हरं फोडतो, सेल पुसून साफ करतो. मग तो ते चार्जरवर भरतो आणि ट्रेमध्ये मांडून फळीवर तीन आठवडे नुसते ठेवतो. तीन आठवड्यांनी मीटर लावतो. जो उतरला तो सरळ भंगारात! का रे बाबा, म्हणून विचारलं तर बराच वेळ हातवारे करून समजावत होता. मी मान हलवली. हल्ली मी सगळ्यांनाच मान हलवतो, लोक खूश होतात.

पण तूच सांग, टाकी उतरली म्हणून कोणी गाडी भंगारात घालतं का? उतरली तर भरायची, संपलं. आणि त्या दिवशी त्याचं तोंड बघवत नाही गं. अर्धा ट्रे बाद निघाला की जेवत नाही, बोलत नाही, छताकडे बघत पडून राहतो. म्हणून मी एक युक्ती काढली. तो गाड्यांच्या कामाला बाहेर गेला की मीच मीटर लावतो. लाल तार इकडे, काळी तिकडे, एवढं मलाही येतं. जे उतरलेत ते गुपचूप चार्जरला लावतो आणि होते तिथे परत मांडून ठेवतो. परवा त्याने मापले, तर सगळेच्या सगळे भरलेले! असा हसला, असा हसला! मला मिठी मारली आणि कानात ओरडला, म्हणून ऐकू आलं: "बाबा, असा माल आजवर मिळाला नव्हता!"

त्याला बोलू नकोस हं. हे आपल्या दोघांतलं. पाकीट तोच टपालात टाकतो, पण दुसऱ्याचं पत्र वाचायचं नाही एवढी रीत आहे त्याला.

बाबा

२० जानेवारी

बाबा,

नमस्कार. विम्याच्या एजंटाचं वाचून इथे लॉन्ड्रीत एकटीच खो खो हसत सुटले. बाकीच्यांना वाटलं, वाफ डोक्यात गेली. इथलं काय सांगू? हॉस्पिटलच्या चादरी संपत नाहीत. धुवा, वाळवा, इस्त्री करा, की दुसरी गाडी दारात. हाताची साल निघते. करार संपेपर्यंत हालता येत नाही, आमचे कागद मालकांच्या कपाटात.

तुमचं गुपित माझ्यापाशी सुखरूप आहे. लबाड आहात तुम्ही! पण बरं वाटलं. आई गेल्यापासून तुम्ही नुसते खिडकीशी बसून असायचात. आता निदान कोणाची तरी टाकी भरताय. खुशाल भरा. मी कोणाला बोलत नाही.

सोबतचा कागद धाकट्याला द्या.

तुमची चिमणी

धाकट्या,

बाबांना खोलीत घेऊन बसतोस ते ठीक, पण त्या बॅटऱ्या पेट घेतात असं इथे सगळे म्हणतात. आमच्या इमारतीत तर जिन्यावर पाटीच लावलीय. तू शिकलास कुठे, नि करतोस काय, एकदा मला नीट लिही. उडवाउडवी करू नकोस. घरात म्हातारा माणूस आहे.

ताई

२ फेब्रुवारी

ताई,

उडवाउडवी करत नाही, घे, वाच आता. शिकलो ते वर्कशॉपमध्ये, दुसऱ्याच्या हाताखाली, शिव्या खात. तू म्हणतेस ते खोटं नाही. या सेलमध्ये आग असते. म्हणूनच मी भितो, आणि जो भीत नाही त्याने या कामात पडू नये.

प्रत्येक पॅकला एक सर्किट बोर्ड लावतो. जास्त भरलं, जास्त उतरलं, जास्त तापलं, की तो स्वतःहून वीज तोडतो. फ्यूज टाकतो. पत्र्याच्या पेटीत बसवतो, सेलना धक्का लागणार नाही असं. आणि गिऱ्हाइकाला समोर बसवून पाठ करून घेतो: मी दिलेलाच चार्जर वापरायचा. फिरून आल्या आल्या लावायचा नाही, आधी थंड होऊ द्यायचा. उघड्यावर लावायचा, जिन्यात नाही, दारात नाही, आणि लावून निघून जायचं नाही. फुगला, वास आला, तर माणसं बाहेर काढायची, सामानाच्या मागे लागायचं नाही. भाजीवाली म्हणाली, "बॅटरी देतोस का मुलगी देतोस?" म्हटलं, तसंच समजा.

पण या सगळ्याच्या आधीचं काम म्हणजे निवड. बोर्ड सगळ्यांवर मिळून नजर ठेवतो, एका सेलच्या पोटात काय चाललंय ते त्याला दिसत नाही. जुना सेल आतून दुखावलेला असेल तर तो नुसता पडल्या पडल्या उतरतो. म्हणून भरून ठेवतो आणि तीन आठवडे हात लावत नाही. ज्याचा आकडा खाली आला तो बाद, कितीही नवा दिसो. माझी सगळी भिस्त त्या तीन आठवड्यांवर. गेल्या खेपेचा माल तर सोन्यासारखा निघाला, जवळजवळ काहीच टाकावं लागलं नाही. त्याचे पॅक बांधायला घेतलेत, पहिला ब्रेडवाल्याला.

बाबांना हे सगळं समजावलंय. त्यांनी नीट मान हलवली. त्यांची काळजी करू नकोस, खोलीत ते खूश असतात.

धाकटा

११ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र वाफेत उभी राहून वाचलं, अर्धं डोक्यावरून गेलं. पण एवढं कळलं की तू भितोस. बरं वाटलं. बोर्ड, फ्यूज, पेटी, ठीक आहे बाबा, तू जाण आणि तुझे सेल जाणोत.

आणि हे बघ, बाबांवर कधी खेकसू नकोस. ते तुझ्यासाठी काय काय करतात ते तुला ठाऊकही नाही. विचारू नकोस, मी सांगणार नाही!

ताई

१९ मे

चिमणे,

कसं लिहू कळत नाही. मंगळवारी ब्रेडवाल्याचं घर जळालं. त्याची बायको गेली.

सकाळची फेरी संपवून त्याने तीनचाकी जिन्याखाली उभी केली आणि चार्जिंगला लावली. तो मागच्या अंगणात क्रेट धूत होता. ती वर होती, पडली होती जरा. फट्‌ फट्‌ आवाज झाले म्हणतात, आणि मग धूर. एकच जिना गं घराला. खालून आग, वरून उतरायला वाट नाही. लोकांनी पाणी मारलं, तो जिन्यात धावला, हात भाजून घेतले. तिला बाहेर काढलं तेव्हा अंगावर एक चट्टा नव्हता. धुरानेच गेली. मी गेलो होतो. मला बघून त्याने तोंड फिरवलं.

दुपारीच पोलीस आले. आपल्या घरच्या इंजिनिअर साहेबांना, तुझ्या भावाला, घेऊन गेले.

मी जन्मभर पेट्रोलमध्ये उभा होतो. खाली पेट्रोल, हातात पेट्रोल, अंगाला पेट्रोलचा वास. विडी ओढत आलेल्या ट्रकवाल्यांच्या मी मुस्काटात मारलेली आहे. एक ठिणगी पडू दिली नाही एवढ्या वर्षांत, एक! आणि माझ्या पोटच्या पोराने एका बाईला जाळून मारलं. जाताना कानाशी येऊन म्हणतो, "बाबा, काय चुकलं तेच कळत नाही." कळत नाही! माल तर चोख होता, ते मी सांगतो, माझ्या हाताखालून गेलाय. यानेच जोडताना हलगर्जीपणा केला असणार. लक्ष कुठे असतं याचं? मी त्याला सांगितलं, पुन्हा मला तोंड दाखवू नकोस.

तू काही पाठवू नकोस, काही करू नकोस. रड फक्त, आपल्या दोघांच्या वाटचं.

बाबा

२३ मे

ताई,

हे वकिलांच्या हाती देतोय. ते तुला फोनवर फोटो काढून पाठवतील. इथे कोठडीत आम्ही चौघे आहोत. मारलं वगैरे नाही, घाबरू नकोस.

मला झोप लागत नाही ती कोठडीमुळे नाही. मी तो पॅक पहिल्यापासून शेवटपर्यंत मनात पुन्हा बांधतो. प्रत्येक जोड आठवतो. प्रत्येक सेलचा आकडा मी स्वतः पाहिला होता. एकही उतरलेला नव्हता, ताई, एकही. असा माल मला आयुष्यात एकदाच मिळाला. जिन्याखाली लावू नको म्हणून त्याला बजावलं होतं, त्याने लावला, हे खरं. पण जिन्यामुळे माणूस मरतो, पॅक जिन्यामुळे पेटत नाही. चार्जर दुसरा वापरला असेल का? त्याला विचारायला माझं तोंड नाही.

त्याच मालाचे पॅक अजून सहा गाड्यांत आहेत. पोलीस म्हणाले, त्या थांबवायच्या का? मी म्हणालो, गरज नाही, तो माल उत्तम आहे. बरोबर केलं ना मी?

बाबा आले नाहीत. येऊ नयेत हेच बरं.

धाकटा

२३ मे

वकीलसाहेब,

फोनवरचं हे पत्र मिळेल त्या घटकेला माझ्या भावाच्या हातात द्या. मी तुम्हाला फोन केलाय, पुन्हा करतेय, तुम्ही उचलत नाही आहात. पाया पडते, उद्यावर टाकू नका.

धाकट्या, त्या गाड्या थांबव. आत्ता. बरोबर केलं नाहीस तू, आणि तुझी त्यात चूकही नाही.

ते सेल उतरत होते. बाबा भरत होते. तू बाहेर गेलास की मीटर लावून बघायचे, उतरलेले चार्जरला लावायचे आणि परत जागच्या जागी मांडायचे. तुझं तोंड उतरतं ते बघवत नाही म्हणून. तू हसावंस म्हणून. जानेवारीत मला लिहिलं त्यांनी, कौतुकाने. आणि मी त्यांना लिहिलं, खुशाल भरा.

तू मला सगळं नीट लिहिलं होतंस, पडल्या पडल्या उतरतो तो बाद. मी ते वाचलं होतं. दोन्ही गोष्टी माझ्या एकाच डोक्यात होत्या रे, आणि मी चादरी मोजत बसले.

कोणाकोणाच्या गाड्या आहेत ते वकिलांना सांग. लवकर सांग.

ताई

४ जून

ताई,

सहाही पॅक निघाले. माझा मित्र आहे ना, वेल्डर, त्याने सगळ्यांच्या घरी जाऊन एकेक काढला आणि गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात नेऊन वाळूत ठेवला. भाजीवालीचा एका बाजूने फुगला होता. तिची नातवंडं त्याच गाडीत बसून शाळेत जात होती. हे वाचून तू आणखी रडशील, पण तुला कळायला हवं की तू वेळेवर बोललीस.

आता माझं ऐक. बाबांना हे सांगायचं नाही.

मी जबाब दिलाय. उतरलेले सेल मला माहीत असून मी वापरले, माल वाया जाऊ नये म्हणून. सही केलीय. वकिलांनी कपाळावर हात मारला. खरं सांगितलंस तर थोडक्यात सुटशील, म्हणाले. सुटून काय करू? घरी जाऊन बाबांच्या समोर बसू? "एक ठिणगी पडू दिली नाही" एवढ्या एका वाक्यावर तो माणूस उभा आहे, ताई. आई गेली, कान गेले, पंप सुटला, तेवढंच उरलंय. ते काढून घेतलं तर मागे काय राहतं? मला शिव्या देतात ना, देऊ देत. शिव्या देणारा माणूस जिवंत तर असतो.

आणि समजावण्यात मीच कमी पडलो. कानाने ऐकू न येणाऱ्या माणसाने मान हलवली आणि मी समजलो कळलं. कागदावर लिहून द्यायला मला काय धाड भरली होती?

घरात आता धोक्याचं काही नाही. पोलिसांनी खोली रिकामी केलीय. सांगणार नाही अशी शपथ घे.

धाकटा

९ जून

धाकट्या,

बरं. नाही सांगत. पण तू मला जे करायला लावतोयस ते मला पटलेलं नाही. ब्रेडवाल्याचाही काही हक्क आहे की नाही? त्याच्या बायकोला कोणी मारलं ते त्याला खोटंच कळायचं का? तुझ्या भल्याचं असतं तर मी लगेच नाही म्हणाले असते. बाबांच्या जिवाचं आहे म्हणून गप्प बसते.

ताई

२६ जून

चिमणे,

तुझी दोन पत्रं आली, दोन्ही आखूड. "जपा, जेवा, झोपा." तुलाही माझी लाज वाटायला लागली की काय? वाटली तर वाटू दे. मलाच वाटते.

वकील आला होता. त्याने कागदावर लिहून दाखवलं, तुझ्या भावाने कबुली दिली. उतरलेले सेल जाणूनबुजून बसवले म्हणे! मी दोनदा वाचलं. अगं, फळीवर उतरलेला सेल मी ठेवतच नव्हतो. म्हणजे याने माझ्या पाठीमागे भंगाराच्या पोत्यातले उचलून घातले. मी इथे जिवाचं रान करून एकेक सेल भरून ठेवतोय, आणि हा हरामखोर कचरा घालून वेळ मारून नेतोय. सांग मला, माझं काय चुकलं? कधी खोटं बोलायला शिकवलं मी त्याला? वकील म्हणाला, एकदा भेटून या. मी म्हणालो, माझा मुलगा नाही तो. ब्रेडवाल्याच्या दारावरून जावं लागतं म्हणून मी हल्ली लांबच्या रस्त्याने बाजारात जातो.

तरी बघ, मन किती वेडं असतं. पोलीस पंचनाम्याला आले तेव्हा दोन ट्रे आणि एक चार्जर मी खाटेखाली सरकवले होते. चांगला माल आहे. पोरगा नालायक निघाला म्हणून मालाने काय घोडं मारलंय? कधी तरी सुटून येईल, तेव्हा हाताशी काहीतरी असावं. ते सेल सारखे उतरतात. मी रोज भरतो. तेवढाच दिवस जातो. त्यातले दोन-तीन हाताला गरम लागतात, ते ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतो. आता मी त्याच खोलीत, त्याच खाटेवर झोपतो. आतली खोली खायला उठते.

तू तरी लांब पत्र लिही.

बाबा

३ जुलै

बाबा,

हे पत्र धाकट्याच्या मित्राच्या, वेल्डरदादाच्या फोनवर पाठवतेय, तो छापून तुमच्या हातात देईल. आधी त्याला खाटेखालचे ट्रे काढू द्या. चार्जर तो बंद करेल. तुम्ही हात लावायचा नाही. त्याच्याशी भांडू नका. त्या सेलना तो मैदानात नेऊन ठेवेल. तो परत येईपर्यंत घराबाहेर, उघड्यावर बसा. पुढचं मग वाचा.

मी धाकट्याला शब्द दिला होता की तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही त्या खाटेवर झोपता हे वाचलं आणि शब्द मोडला.

बाबा, तो सेल म्हणजे रिकामी झालेली टाकी नव्हे. गळकी टाकी. वापरली नाही तरी जी उतरते ती गळकी, एवढंच बघायला धाकटा त्यांना तीन आठवडे ठेवायचा. गळकी टाकी घेऊन पंपावर कोणी आलं असतं तर तुम्ही भरली असती का? हाकलून दिलं असतंत त्याला, आणि रस्त्याच्या पलीकडे जाईपर्यंत बघत उभे राहिला असतात. इथे तुम्ही भरत होतात. गळकी आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं, आणि धाकट्याला दिसू नये म्हणून तुम्ही ती लपवत होतात. त्याने भंगारातलं काही उचललं नाही. त्याने फळीवरचेच घेतले, तुम्ही भरून ठेवलेले, आणि ब्रेडवाल्याला दिले.

तो हे जाणतो. मेपासून जाणतो. तुम्हाला कळू नये म्हणून त्याने खोटा जबाब दिला. तुम्ही विचारलंत ना, कधी खोटं बोलायला शिकवलं? हे एकच बोललाय तो, तुमच्यासाठी.

मी लिहिणार होते की मला तुमचा राग नाही. पण आहे. तुमचा आहे, धाकट्याचा आहे, माझा सगळ्यात जास्त आहे. मीच म्हणाले होते, खुशाल भरा. मी तिथे असते तर तुमच्याजवळ बसले असते. इथे बसून कागदावर हे लिहिणं म्हणजे लांबून दगड मारल्यासारखं आहे, पण दुसरा मार्ग मला नाही, बाबा.

तुमचं जानेवारीतलं पत्र पाकिटासकट टपालाने पाठवलंय, दोन-चार दिवसांत मिळेल. त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. वेल्डरदादाला सांगितलंय, आज तो तुमच्याकडेच राहील. त्याला नाही म्हणू नका.

चिमणी

१६ जुलै

चिमणे,

पत्र वाचलं. तू सांगितलंस तसं बाहेर बसून वाचलं. मग उठून मैदानात गेलो. मला बघायचं होतं. वेल्डर नको नको म्हणत होता. वाळूत ठेवलेल्यातला एक सेल माझ्यासमोर पेटला. बोटाएवढा तो, आणि ज्वाला माझ्या कमरेएवढी. पंपावर जन्मभर ज्या गोष्टीला भ्यालो ती मी रोज सकाळी पुसून, भरून, खाटेखाली ठेवत होतो. त्या बाईने काय बघितलं असेल ते मला कळलं.

तीन दिवस पडून होतो. वेल्डरने भरवलं. तुझं पाकीट आलं तेव्हा उठलो, दाढी केली आणि ठाण्यात गेलो.

साहेबाला म्हटलं, माझा जबाब लिहून घ्या. पोराने काही केलं नाही, मी केलं. सगळं सांगितलं, मीटर, चार्जर, फळी, काही लपवलं नाही. त्याने ऐकलं. मग कागद ओढला आणि मला लिहून दाखवलं: "आजोबा, घरी जा. प्रत्येक बाप हेच सांगतो." तू परत पाठवलेलं माझं जानेवारीतलं पत्र मी पुढे केलं. त्याने उलटंसुलटं बघितलं आणि खाली लिहिलं: "शिक्का पाकिटावर आहे. आतला कागद कालही लिहिता येतो." मी टेबलावर हात आपटला. त्याने माझ्यासाठी चहा मागवला. दुसऱ्या दिवशी गेलो, तिसऱ्या दिवशी गेलो. आता शिपाई मला बघितलं की उठून बसायला खुर्ची देतात.

मग वेल्डरला घेऊन तुरुंगात धाकट्याच्या भेटीला गेलो. जाळीपलीकडे तो, अलीकडे मी. वाळलाय. मी म्हणालो, मला सगळं कळलंय, जबाब बदल. तो नुसता मान हलवत होता, नाही, नाही. मी ओरडलो, बदल, नाहीतर मी तुझा बाप नाही! तेव्हा तो माझ्याकडे न बघता बाजूच्या शिपायाशी काहीतरी बोलला. काय ते मला ऐकू आलं नाही, पण शिपायाने माझ्याकडे बघितलं आणि हळहळला, आणि हाताला धरून मला हळूच बाहेर आणलं. वेल्डरला मागाहून विचारलं. तो सांगेना. फार मागे लागलो तेव्हा त्याने लिहून दिलं. धाकटा म्हणाला होता, "त्यांचं मनावर घेऊ नका, या धक्क्याने त्यांचं डोकं जागेवर नाही."

तिथून थेट ब्रेडवाल्याकडे गेलो. जवळच्या रस्त्याने गेलो. त्याने पुन्हा दुकान उघडलंय. हाताला अजून पट्ट्या आहेत. मी उभ्या उभ्याच सांगितलं, तुझ्या बायकोला माझ्या पोराने नाही, मी मारलं. मला माझा आवाज कळत नाही, फार मोठ्याने बोललो असणार, कारण रस्त्यावरची माणसं थांबली. तो ऐकत राहिला. मला वाटलं, आता मारेल. मी मनातून तयार होतो, खरं सांगायचं तर तेवढ्यासाठीच गेलो होतो. तो आत गेला आणि पेला भरून पाणी घेऊन आला. मला बाकावर बसवलं, पेला हातात दिला, आणि जमलेल्या लोकांकडे वळून काहीतरी म्हणाला. ते मला ओठांवरून वाचता आलं, कारण हळू, एकेक शब्द म्हणाला. "बाप असावा तर असा," म्हणाला.

चिमणे, घसा कोरडा पडला होता. मी ते पाणी प्यालो. उद्या सकाळी परत ठाण्यात जाणार आहे.

बाबा